लिहिलंय तेवढंच

आमच्या डोळ्यांच्या इस्पितळात जिन्याखाली नोंदी ठेवायची खोली आहे. डॉक्टर केसपेपरवर जे निदान लिहितात, त्याला आम्ही ठरलेला कोड देतो. कोणता आजार किती जणांना झाला, ते त्यावरून मोजतात. माझ्या शेजारच्या टेबलावर 'कोणता बाई' बसायच्या. डॉक्टरांनी नुसतं 'डोळा लाल' लिहिलं की कागद घेऊन त्या तरातरा जिना चढायच्या. "कोणता? उजवा की डावा?" त्या दिसल्या की डॉक्टर वाट बदलायचे.

एक प्रश्न मात्र बाई कधी विचारत नसत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस आठवड्याच्या आत ठणकणारा डोळा धरून परत यायचा आणि डॉक्टर लिहायचे, 'डोळे आले', म्हणजे साथीचा आजार. ऑपरेशनमध्ये जंतू आत गेले असं लिहिलं तर थिएटर बंद करावं लागेल, हे शेंबडं पोरही सांगेल. मी एकदा तोंड उघडलं, तर बाई फणकारल्या, "आपण डॉक्टर आहोत का? लिहिलंय तेवढाच कोड द्यायचा. नियम आहे." नियम होताच. त्याच्या आड बसायला जागाही ऐसपैस होती.

मग बाईंच्या धाकट्या भावाला मोतीबिंदू निघाला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, नजरेवरच पोट. त्याला दुसरीकडे जायचं होतं. बाईंनी वर्षाचा तक्ता त्याच्यापुढे धरला. ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग: शून्य. "आमच्याकडेच कर, डोळे झाकून."

आठवड्याच्या आत तोही परत आला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि लिहिलं, 'डोळे आले'. बाई जिना चढल्या. "साहेब, हात जोडते, खरं लिहा. मोठ्या इस्पितळात नेते त्याला."

"लिहिलंय तेवढंच, बाई," डॉक्टर म्हणाले. "तुमचाच नियम ना?"

त्याच कागदावर बाईंनी त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. खिडकीवरच्या माणसाने कागद वाचला. "डोळे आलेत ना? मग सकाळी या." सकाळी तिथल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डोळा पुवाने भरला होता. डोळा गेलाच.

भावाचा केसपेपर बाईंच्याच टेबलावर आला. कोणता डोळा, ते डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं. बाई उठल्या नाहीत. 'नमूद नाही'चा कोड देऊन त्यांनी कागद बाजूला ठेवला. मला त्यांची कीव यायला हवी होती. आला तो संताप.

महिन्याभराने भाऊ कागदांच्या प्रती न्यायला आला, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. भिंतीवरचा नवा तक्ता त्याने अगदी जवळ जाऊन वाचला. शून्य तसंच होतं.

"ताई, मला कशात मोजलंस गं?"

"साथीत," बाई म्हणाल्या.