शकुबाईनं डोंगा घेतला

आर्णीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या शकुबाईला मासा ताजा की शिळा, हे लांबूनच कळायचं. डोंग्याचं मात्र तसं नव्हतं.

वीस वर्षं ती आणि तिचा नवरा नानाजी दुसऱ्याच्या डोंग्यातून धरणात जाळं टाकत होते. डोंगेवाला मर्जी असली की डोंगा द्यायचा, आणि टोपल्यातला सगळ्यात मोठा रोहू स्वतःच उचलून न्यायचा. यंदा एकदा त्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. टाकलेलं जाळं दोन दिवस पाण्यातच राहिलं आणि फाटलं.

"आता आपलाच डोंगा," शकुबाई म्हणाली. "जुना का असेना."

दोघं मोटरसायकलवर शोधायला निघाले. पहिला डोंगा हिरासिंगचा. निळाशार, नवरीसारखा सजवलेला. नानाजी खूश झाले. शकुबाईनं केसातली पिन काढून तळाला टोचली, ती रंगातून आरपार गेली.

"भाऊ, डोंगा हाय का चाळणी?"

"मावशी, डांबर लावलं का चालते!" हिरासिंग हसत म्हणाला.

दुसरा मोबाइलवर पाहिला होता. यवतमाळच्या पलीकडे जाऊन पाहतात तर डोंगा अर्धाच.

"बाकीचा कुठी गेला?"

"मागचा पत्रा गोठ्याच्या दाराले लावला," मालक शांतपणे म्हणाला. "तुमी दोघंच तं हा!"

तिसरा खरंच चांगला होता, पण तीन भावांच्या मालकीचा. दोघे हो म्हणाले. तिसरा सुरतेला, त्याचा फोन लागेना. महिनाभर लागलाच नाही.

असेच एकदा हात हलवत परतताना दारव्ह्याजवळ नानाजींनी पाणी प्यायला एका घरापुढं गाडी थांबवली. घर दूधवाल्या अब्दुल गनींचं. अंगणात तीन म्हशी पाणी पीत होत्या, लोखंडी डोंग्यातून! गनीभाईंनी कधीकाळी मासेमारीसाठी तलावाचा ठेका घेतला होता. ठेका संपला आणि डोंगा म्हशींच्या वाट्याला आला.

शकुबाई पाणी प्यायची विसरली. ती वाकून डोंग्याखाली पाहू लागली.

"काय पाहून राह्यली?" नानाजींनी विचारलं.

"अवो, काठोकाठ पाणी भरलं हाय, अन् खालची माती कोरडी! याच्याहून पक्की परीक्षा कोणती?"

गनीभाई डोंगा विकायला लगेच तयार झाले. त्यांची बायको हजराबी मात्र आडवी आली. "अन् माह्या म्हशी कायच्यात पाणी पितीन, बाई?"

"सिमेंटचं टाकं बांधून देतो," नानाजी म्हणाले. उन्हाळ्यात ते गवंडीकाम करायचे.

चार दिवस ते थापी घेऊन तिथंच राबले. हजराबी चहा पाठवायची आणि टाक्याची उंची बदलायला लावायची. "धाकटी म्हैस ठेंगणी हाय, तिले पुरलं पायजे!" पाचव्या दिवशी तिन्ही म्हशी नव्या टाक्यावर पाणी प्यायल्या, तेव्हा कुठे तिनं डोंगा टेम्पोत चढवू दिला.

डोंगा जड निघाला. शिवाय डावीकडे ओढायचा. पहिल्या दिवशी वल्हं नानाजींच्या हाती होतं, आणि दोघं जायचं तिकडे न जाता गोल फिरले. काठावरचे लोक हसले. शकुबाई त्यांच्याहून मोठ्यानं हसली आणि वल्हं स्वतः घेतलं.

दुपारी दोघांनी भर पाण्यात शिदोरी सोडली. भाकर, ठेचा, कांदा. लवकर या म्हणून काठावरून ओरडणारा डोंगेवाला आता नव्हता. नानाजींनी जेवण झाल्यावर पाय पसरले आणि चक्क एक डुलकी काढली.