आडसाली लागण

माझ्या बांधाशेजारचा हा गडी एका जागी कधी टिकत नाही. चहासुद्धा उभ्यानंच पितो. काहीही सांगा, त्याचं एकच: "बरं, मंग?"

मेंदूतली गाठ काढल्यावर मीच त्याला नगरला दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, "गाठीतली कोणती जनुकं जोरात आहेत, ते तपासलंय. आजार लवकर उलटेल असं दिसतंय."

"बरं, मंग?"

येताना तो गाडीची काच सारखी खाली-वर करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर याच्या रानात उसाचं बेणं उतरतंय.

"दादा, आडसाली? तोडणीला दीड वर्ष लागतंय!" मी जवळजवळ ओरडलोच.

"बरं, मंग?" म्हणत तो सरीत उतरला. मला मात्र बांधावर उभं राहवेना; मीही बेणं उचलून त्याच्यामागं सरीत उतरलो.