माझं गाणं तिच्या गाडीत

मला माझ्या धाकट्या जावेचा राग लई आधीपासून हाय. पण तिच्या गाडीचा राग आला, तो फक्त त्या गाडीतल्या रेडिओमुळं.

वडवणीच्या आसपास कुणाच्याबी घरी हळद असली की बोलावणं मला येतं. पहिली ओळ मी म्हणायची आणि बाकीच्या बायांनी मागं ओढायची, ही रीत. जाऊ माझी सगळ्यात मागं बसायची, तोंडावर पदर घेऊन. ती कधी ओढायची का नुसते ओठ हलवायची, मी वळून बघितलंच न्हाई.

तर रेडिओवाल्या मॅडम आल्या आणि मारुतीच्या पारावर माझं गाणं भरून घेतलं. जाऊ तवा माहेरी गेलती. बरंच झालं म्हणले मनात. तीन ओळी नीट म्हणले आणि चौथी एकदम विसरले. पुढं माईक, समोर आख्खं गाव. मग जे तोंडाला आलं ते जोडून दिलं. मॅडम खूश झाल्या. म्हणल्या, "ही ओळ तर सगळ्यात छान, मावशी. अशी ओळ मी कुठंच ऐकली नव्हती."

आता गंमत बघा. घरी येऊस्तोवर ती ओळ माझ्याच डोक्यातून गेली! भाकरी थापताना आठवून बघितली, कापूस वेचताना आठवून बघितली. हळदीचं काहीतरी होतं, हाताचं काहीतरी होतं, बाकी सगळं पुसून गेलं. म्हणलं, जाऊ दे, रेडिओवर लागंल तवा ऐकू. वडवणीच्या बाजारात मेथी विकताना जुडीमागं एकेकीला सांगितलं. माहेरी, युसूफ वडगावला, आईला निरोप धाडला.

मॅडम जाताना म्हणल्या व्हत्या, "कार्यक्रम डिजिटलवर लागेल." मला वाटलं, डिजिटल म्हणजे जरा बरा आवाज. घरात सासऱ्यांच्या काळातला रेडिओ होता, कातडी पट्ट्याचा. पण मालक म्हणले, नवाच आणतो. बीडला जाऊन कुठून तरी घेऊन आले. खोक्यावर डिजिटल लिहिलेलं, काळा कुळकुळीत, आकडे निळे दिसायचे. मी हळदकुंकू वाहिलं त्याला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लावून बघितला. एफएमवरची गाणी वाजली, पण आपलं स्टेशन काही लागंना. दीर आले, खोकं उलटंपालटं करून बघितलं आणि हसले.

"वहिनी, हे विलायतेतलं हाय. डिजिटलमध्येबी तऱ्हा असतात. तिकडची वेगळी, आपल्या सरकारनं घेतली ती वेगळी. ह्याच्यात आपलं लागत न्हाई."

"आन् मग आपलं कशात लागतं?"

"आपले सेट दुकानात मिळतच न्हाईत फारसे. गाड्यांत बसवून येतात. आमच्या गाडीत हाय की!"

झालं का! म्हणजे गाणं माझं, गळा माझा, आणि ऐकायचं तिच्या गाडीत बसून! दीर आपले सांगतच होते, एफएमसाठी म्हणे अजून तिसरीच तऱ्हा आणायची का, ह्यावर दिल्लीत भांडण चाललंय. म्हणलं, भांडा मेल्यांनो, तुमचं मिटंस्तोवर माझ्या गाण्याचं काय? मोबाईलवर ऐका म्हणाले, तर आमच्या वस्तीवर रेंज कुठं हाय.

"मग जुन्या रेडिओवर?" मी विचारलं.

"त्याच्यावर त्या जागी नुसती घरघर येती. म्हणजे कार्यक्रम तोच, पण जुन्या सेटला उलगडत न्हाई."

दुपारी जावेनं गाडी अंगणात काढली. सासूबाईंना पुढं बसवलं. गल्लीतल्या चार बाया मागं कोंबल्या. तरी मला हाक मारली, "या की अक्का, तुमच्यासाठी जागा ठिवलीय." एवढ्या गोड आवाजात हाक मारायची काय गरज होती? माझ्या अंगाचा भडका उडाला.

"मला हाय माझा रेडिओ," म्हणले आणि घरात गेले.

त्यांनी एसी लावला, काचा वर केल्या. मी खिडकीत जुना रेडिओ लावून बसले. दिरांनी सांगितलेल्या जागी काटा नेला. घर्रर्र. नुसती घरघर, चक्कीवर बसल्यासारखी. त्या घरघरीतच मी गात होते. माझी ती चौथी ओळबी त्यातच होती. कान लावून लावून दुखायला लागला. समोर काचेआड सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. पंधरा वर्षं ह्या घरात राबले, माझ्यासाठी त्यांनी कधी डोळे पुसले न्हाईत. आणि आज पुसले, तेबी तिच्या सीटवर बसून!

वाटलं, पळत जावं, दार उघडावं. पाय उचललाबी. पण जाऊ आतून माझ्याकडंच बघत होती, आणि मी पडदा ओढला.

संध्याकाळी तिला नळावर गाठलं. "मोबाईलमध्ये भरून घेतलं का गं?"

"अगं बाई! सुचलंच न्हाई अक्का. ऐकण्यातच गुंग झालते."

मग महिनाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

परवा मिरच्या वाळू घालायला माळवदावर गेले. पलीकडच्या माळवदावर ती पाठमोरी बसून शेंगा फोडत होती आणि गुणगुणत होती. माझंच गाणं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मी जागीच उभी.

*लेकीला लावली हळद, हात माझे पिवळे झाले,*
*लेक गेली सासराला, मी न्हाई हात धुतले.*

हीच! हीच ती ओळ! माझ्या हातातली मिरच्यांची पाटी खाली पडली. ती दचकून वळली, पदर तोंडावर घेतला.

"काय न्हाई अक्का, सहज आपलं..."

"म्हण," मी म्हणले. "परत म्हण."

"तुमच्यासमोर नको."

"म्हण म्हणले ना!"

तिनं म्हणलं. मी मनात पाठ करून घेतलं, परत जाऊ नये म्हणून दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी ती जरा मोकळी झाली आणि पदर खाली आला. आवाज काय होता म्हणून सांगू! माझ्याहून गोड. माझ्याहून लई गोड. एवढी वर्षं तो आवाज माझ्या पाठीमागं बसलेला, आणि मला आत्ता ऐकू आला.

लग्नसराई तोंडावर आलीय. पहिलं बोलावणं आलंबी, चकलांब्याहून. ती येणारच. तिला कुठं बसवायचं, तेवढं मात्र माझं अजून ठरत न्हाई.