पहिलं पाणी पाहुण्याचं

मित्राच्या आईवडिलांकडे मी राहायला गेलो तो आयती खोली मिळतेय म्हणून, आणि अडकलो तो त्यांच्या चांगुलपणात.

मित्र जपानी, पण जन्मापासून कॅनडातच वाढलेला. किचनर शहरातल्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. कंपनीने मला काही महिन्यांसाठी व्हँकूवरला पाठवलं तेव्हा तो म्हणाला, व्हँकूवरजवळच कोक्विटलामला आईबाबांच्या घरात वरची खोली रिकामी आहे, भाड्याचा विषयही काढू नकोस. मग जरा घुटमळून मुद्द्यावर आला. वडील पंच्याऐंशीच्या पुढचे, आई थोडी मागे. दोघांनी आता घर विकून वृद्धनिवासात जावं असं त्याला वाटत होतं, आणि ते दोघं फोनवर 'आम्ही ठीक आहोत' यापलीकडे काही बोलत नव्हते. "तू नुसते डोळे उघडे ठेव," तो म्हणाला. "त्यांना एकटं राहणं जमतंय की नाही, एवढं मला खरं सांग." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

तोंडावर मी त्यांच्या आडनावाला जपानी पद्धतीने आदराचं 'सान' लावायचो, मनात मात्र पहिल्या दिवसापासून काका-काकूच म्हणत होतो. त्या घरात मला कोणी कशालाच मनाई केली नाही, आणि तरी मी नजरकैदेत असल्यासारखा वागायचो. घरातल्या चपला वेगळ्या, वॉशरूमच्या वेगळ्या. एकदा वॉशरूमच्या चपला घालून किचनमध्ये आलो तर दोघंही नम्रपणे खिडकीबाहेर बघायला लागले. पानात काही टाकायचं नाही हा माझ्यावरचा संस्कार, आणि वाटी रिकामी दिसली की भरायची हा काकूंचा. थोड्याच दिवसांत पँटचं बटण लागेना. ऑफिसात उशीर झाला तर दोघं जेवायचे थांबायचे. थांबू नका म्हणून फोन केला, तर काकू आनंदाने हो म्हणायच्या आणि थांबायच्या.

सगळ्यात अवघड होती ती आंघोळ. काका सुतारकाम करायचे. तरुणपणी त्यांनी बेसमेंटमध्ये स्वतःच्या हाताने एक लाकडी कुंड बांधलं होतं, आत बसलं की गळ्यापर्यंत पाणी येईल एवढं खोल. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, मग कढत पाण्यात नुसतं बसून राहायचं. हे सगळं रोज संध्याकाळी. मी सकाळी आंघोळ करून देवाला हात जोडणारा माणूस, पण त्यांचं मन कसं मोडणार? पहिल्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "पाणी तयार आहे. आधी तुम्ही." मी म्हटलं, छे, आधी मोठ्यांनी. जिन्यापाशी आमचं हे बराच वेळ चाललं आणि शेवटी मी हरलो. पाण्यातून बाहेर आल्यावर वाटलं, आता ही वडीलधारी माणसं माझ्या उष्ट्या पाण्यात बसणार की काय? मी बूच काढलं, पाणी सोडून दिलं, कुंड घासूनपुसून लख्ख केलं आणि शाबासकीच्या अपेक्षेने वर आलो. काकू खाली जाऊन आल्या आणि म्हणाल्या, किती स्वच्छ केलंत, थँक्यू. दुसऱ्या दिवशी मित्राने फोनवर हसत हसत सांगितलं की ते पाणी सगळ्यांसाठी एकच असतं, पहिला मान पाहुण्याचा, आणि काल आईबाबा दोघंही आंघोळीशिवाय झोपले.

तेव्हापासून मी मुकाट्याने पहिला जाऊ लागलो. मी वर आलो की काकू हॉलमधला टीव्ही मोठ्याने लावायच्या, मला चहा द्यायच्या आणि काकांना घेऊन खाली जायच्या. रिकाम्या हॉलमध्ये तो टीव्ही कोणासाठी बोंबलतोय, हे मला कळायचं नाही. कानाने कमी ऐकू येत असेल, असं मी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी चष्मा खाली विसरला म्हणून मी जिना उतरलो. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. काका पाण्यात होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. काकूंनी त्यांच्या काखेखालून टॉवेल घातला होता, भिंतीला पाय लावून त्या ओढत होत्या. काका थोडे वर यायचे आणि पुन्हा घसरायचे. दोघांच्या तोंडून आवाज नव्हता, आवाज होता तो उसळणाऱ्या पाण्याचा आणि धापांचा. टीव्ही कशासाठी लागायचा ते मला तेव्हा कळलं. मी बाह्या सरसावल्या, आत गेलो आणि त्यांना उचललं. बाहेर येईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला इतकी लाज वाटली की चष्मा तिथेच राहिला.

थोड्या वेळाने काका भांग पाडून, स्वेटर घालून वर आले आणि माझ्यासमोर कमरेत वाकले. मग म्हणाले, "मुलाला सांगू नका." मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ते म्हणाले, "तिथे वृद्धनिवासात मला एका मजल्यावर ठेवतील, हिला दुसऱ्या. हिला अजून चालता येतं ना." काकू चहा ओतत होत्या. कप भरून वाहायला लागला तरी ओतत होत्या.

त्यानंतर माझी ड्यूटी लागल्यासारखंच झालं. कोणी सांगितलं नाही, पण मी वेळेत घरी यायला लागलो. काकू खाली गेल्या की मी जिन्यात बसायचो, आणि त्यांनी कुंडाच्या काठावर टकटक केलं की आत जायचो. शनिवारी मराठी मित्रांनी बोलावलं तरी काहीतरी थाप मारायचो. चिडायचो, मनातल्या मनात. हे काय माझे आईबाप आहेत?

माझी आई नागपूरला फ्लॅटमध्ये एकटी असते. तिच्या हॉलमध्ये मी कॅमेरा बसवलाय. त्याच सुमाराला एकदा फोनवर बघितलं तर नुसती भिंत दिसत होती. विचारलं तर म्हणाली, "पोछा मारताना हलला असेल." मी म्हटलं, आई, नीट ॲडजस्ट कर ना, मला टेन्शन येतं. ती म्हणाली, "मी काय पळून चालले का?" ते ऐकून मला हसू आलं आणि मग रडू आलं. कधीतरी मीही असाच कोणाच्या तरी कॅमेऱ्यासमोर बसलेला असेन, आणि मीही तो भिंतीकडे वळवेन.

माझं व्हँकूवरचं काम संपलं. पुढच्या आठवड्यात किचनरला परतायचं ठरलं, आणि मी गेल्यावर त्या कुंडातून काकांना कोण काढणार, हा प्रश्न मला सोडेना. कुंड बंद करा, शॉवर घ्या, असं मी सुचवून पाहिलं. काका हसले आणि त्यांनी विषय बदलला. मित्राचा फोन आला तेव्हा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. तो म्हणाला, आता तरी खरं सांग. समोर ते दोघं वाटीत बघत होते. नागपूरला माझ्या आईचं काय चाललंय हे शेजारच्यांनी मला सांगावं, असं मला वाटतं. त्यांनी ते कधीही सांगू नये, असं आईला वाटतं. मी मुलगा आहे. मी मुलाच्या बाजूने बोललो.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना एकटं राहणं नाही जमणार." आणि आंघोळीचं सगळं सांगून टाकलं.

काकांनी चॉपस्टिक्स वाटीशेजारी सरळ ठेवल्या. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. काकूंनी भांडी उचलली आणि त्या खाली गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. पाणी भरून झाल्यावर त्या वर आल्या आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "पाणी तयार आहे. आधी तुम्ही."

मी गेलो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. पाणी गार व्हायला लागेपर्यंत मी त्यात बसून राहिलो. वर टीव्ही लागला नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

कुंडावर झाकण ठेवून बाहेर आलो तेव्हा काका शेवटच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसता हात पुढे केला, उठवण्यासाठी.