कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. चाकसूच्या अलीकडे, टोंक रोडवरून आत वळून एका तळ्याकाठी आम्ही उभे होतो. जयपुरात कबुतरं रग्गड, कावळे मात्र शोधावे लागतात, म्हणून गुरुजींनीच ती जागा सुचवली होती. जानेवारीतलं धुकं, पानावर भाताचे पिंड आणि बाभळीवर बसलेले कावळे. खाली यायचं कोणी नाव घेत नव्हतं.

आमच्याकडे अशा वेळी जे करतात ते सुरू झालं. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि पुरं करू असा शब्द मोठ्याने द्यायचा. पटला तर कावळा येतो. गेलेला माणूस म्हणजे माझा नवरा. सी-स्कीममधल्या ऑफिसात दुपारचा डबा खाऊन उठताना खाली कोसळला, तो उठलाच नाही. विधी करायला धाकटे दीर अमरावतीहून आले होते. ते म्हणाले, "दादा, पोरीच्या शिक्षणाचं टेन्शन घेऊ नको." कावळे ढिम्म. मग सासूबाई पुढे झाल्या. त्यांना मी आई म्हणते. "मी रडत बसणार नाही रे, औषधं टायमावर घेईन," त्या म्हणाल्या. एका कावळ्याने मान वाकडी केली, तेवढंच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही सुचत नव्हतं. माझे मोजे ओले झालेत, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात माझी मुलगी, तेव्हा आठवीत होती, माझ्यामागून बोलली. "बाबा, मसाई मारा. आम्ही जाऊ. मतलब, याच वर्षी जाऊ. प्रॉमिस."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

मी या गोष्टी मानणारी बाई नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं मी मनात म्हटलंसुद्धा. पण शब्द दिला होता, तो सगळ्यांनी ऐकला होता, आणि आई हात जोडून उभ्या होत्या.

मसाई मारा म्हणजे केनियातलं जंगल, आणि नवऱ्याचं हे आफ्रिकेचं वेड जुनं. जनावरं बघायला जयपूरच्या माणसाने इतकं लांब जायची गरज नाही. विद्याधर नगरातल्या आमच्या घरून निघालं की शहर न सोडता झालान्याच्या जंगलात बिबट्या दिसतो, आणि तो नवऱ्याने किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस कशाला लागतोस, असं मी त्याला विचारायची. तो म्हणायचा, बिबट्या एकटा असतो, मला गर्दी बघायचीय. केनियातल्या त्या नदीकाठी हजारो दाढीवाली गुरं जमतात, म्हणजे वाइल्डबीस्ट, पण तो गुरंच म्हणायचा. सगळी घाबरून उभी राहतात, पाण्यात मगरी असतात, आणि मग एक कुणीतरी उडी मारतं की सगळी उडी मारतात. मी म्हणायची, गर्दीच बघायची तर संध्याकाळी बडी चौपडच्या चौकात जा, तिथेही असंच रस्ता ओलांडतात. यावर तो हसायचा आणि पुन्हा मोबाइलमध्ये तो व्हिडिओ लावायचा. आम्ही चौघांनी जायचं ठरलं होतं. जीपमध्ये कोण कुठल्या खिडकीशी बसणार, यावरून आजी आणि नातीचं जेवणाच्या टेबलावर भांडण होऊन तहसुद्धा झाला होता.

तेराव्यानंतर दीर निघताना म्हणाले, "वहिनी, आफ्रिकेचं काय ते वर्ष झाल्यावर बघू." बाकीच्या नातेवाइकांचंही तेच. आमच्या घरात वर्ष पाळतात. वर्षभर सण नाही, पुरण नाही, दाराला तोरण नाही, तिथे मौजेसाठी परदेशी जाणं कुठे बसणार? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण वर्ष संपणार जानेवारीत, आणि ती गुरं नदी ओलांडतात ती ऑगस्ट-सप्टेंबरात. जानेवारीपर्यंत ती पार टांझानियात परतलेली असतात. गुरांना वर्ष पाळायची रीत माहीत नसते. आणि त्याच्या पुढच्या ऑगस्टात पोरगी दहावीत, म्हणजे शाळा, कोचिंग आणि बोर्ड. "पुढच्या वर्षी मतलब कधीच नाही," ती म्हणाली, आणि तिचं खरं होतं.

एवढंच असतं तर मीही गप्प बसले असते. पण पोरीने बोलणं टाकलं होतं. शाळेतून आली की हो, नाही, भूक नाही, आणि खोलीचं दार बंद. बापाचं नाव नाही, रडणं नाही. फक्त त्या सहलीचा विषय निघाला की दार उघडायचं. तंबूत रात्री पाणघोड्यांचा आवाज येतो का, जीपमधून खाली उतरू देतात का, तेवढ्यापुरती ती माझ्याशी पूर्ण वाक्यं बोलायची. हा धागा तुटला तर दार कायमचं लागेल, अशी मला भीती वाटायची. खरं सांगायचं तर वाटायचीही नाही. वाटायला पाहिजे, हे मला कळायचं. दाढ काढल्यावर गाल असतो आपलाच, पण चावला तरी समजत नाही, तशी मी त्या दिवसांत वावरत होते.

म्हणून मी तयारी करत राहिले. कुणाला न विचारता, कुणाशी न भांडता. नवऱ्याने ज्यांच्याशी बोलून ठेवलं होतं त्या पुण्याच्या सहलवाल्या ताई फोन करायच्या, मी उत्तरं द्यायची. झालेलं सगळं मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या रडल्या, मी त्यांची समजूत घातली आणि लगेच बॅगांचं विचारलं. तिथल्या छोट्या विमानात चाकांच्या कडक बॅगा चालत नाहीत, मऊ पिशव्याच लागतात, त्या मी आणल्या. लष्करी छपाईचे कपडे त्या देशात घालता येत नाहीत, म्हणून नवऱ्याची झालान्याला घालायची टोपी कपाटातून काढली, बघितली, परत आत ठेवली. दुर्बिणीच्या काचा पुसल्या. एकदा ताईंनी सवयीने विचारलं, "मग, एक्साइटमेंट वाटतेय ना?" मी म्हटलं, "हो, खूप." त्याच आवाजात मी दूधवाल्या भैयाला उद्या एक पिशवी कमी टाका म्हणून सांगितलं होतं.

आई या सगळ्याकडे बघायच्या आणि बोलायच्या नाहीत. आमच्या घरात वर्षाचा नियम कुणी राखला असेल तर तो त्यांनीच. सासरे गेले तेव्हा वर्षभर त्यांनी गोडाला हात लावला नव्हता. मला वाटायचं, एक दिवस घोडं इथेच अडणार. ते अडलं, पण भलत्याच ठिकाणी.

केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. आम्ही तिघी गेलो. आईंनी जायला नको असं म्हटलं नाही. उलट नेहमीची सुती साडी सोडून बरी साडी नेसल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्यांना यायचं होतं. डॉक्टरांनी त्यांचं वय विचारलं, सत्तरी ओलांडलीय हे ऐकलं, रक्तदाबाच्या गोळ्या बघितल्या आणि पेन खाली ठेवलं. "माताजी, इस उमर में ये टीका मैं नहीं लगाऊँगा. जाना ज़रूरी है क्या?"

आईंनी गोळ्या परत पिशवीत टाकल्या. मग म्हणाल्या, "मेरा नहीं. इनका ज़रूरी है."

घरी येताना गाडीत पोरगी खिडकीबाहेर बघत होती आणि लस टोचलेला दंड चोळत होती. मला वाटलं, संपलं. आईंना एकटं मागे ठेवून, तेही वर्षाच्या आत, मी जाऊ शकत नव्हते. पोरीला ते मी कधी सांगायचं, एवढाच प्रश्न उरला होता. तोही मी उद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरताना बाहेर आईंचा फोनवरचा आवाज ऐकू आला. गुरुजींशी बोलत होत्या. "वर्षाचं आधी उरकून घ्यायचं आहे गुरुजी. घरात कार्य निघालं आहे." घरात लग्न ठरलं तर वर्षश्राद्ध अलीकडे ओढून घेतात, ही आमच्याकडची सोय. गुरुजींनी कुणाचं लग्न विचारलं असणार, कारण आई म्हणाल्या, "लग्न नाही. पोरीने बापाला शब्द दिला आहे, कावळ्यापुढे. तुम्हीच तं होते तिथे. तो वर्षाच्या आतला शब्द आहे. मग ते कार्यच झालं ना बाप्पा?"

पलीकडचं ऐकून घेऊन आई म्हणाल्या, "हां, मग तिथी सांगा."

मी हातातली सुरी ठेवून बाहेर आले. "आई, तुम्ही एकट्या राहाल?"

"काहून, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"पण वर्ष..."

"तुमचं उरकून टाकू. माझं मी पाळते ना. एका घराला एक माणूस पुरे होते," त्या म्हणाल्या आणि चिरलेली भाजी बघायला आत गेल्या. भाजी जाड चिरली म्हणून मला बोलल्याही. मी तिथेच उभी राहिले. यावर काहीतरी वाटायला हवं होतं, आणि मी वाट बघत होते, पण आलं नाही.

श्राद्ध जूनमध्ये झालं. उन्हाळ्यात जयपुरात माणसाने दुपारी घराबाहेर पडू नये, पण विधींना ते कोण सांगणार? गुरुजींनी मुलीलाच बसवलं. ती दर्भाची अंगठी घालून, त्यांच्यामागे अडखळत मंत्र म्हणत होती, आणि मध्येच "भैया, परत सांगा ना" म्हणत होती. गुरुजींनी तेही चालवून घेतलं. मग कावळ्याचं पान घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. पान कठड्यावर ठेवलं आणि सवयीने मागे सरलो.

कावळा नव्हताच. पाण्याच्या टाकीवर कबुतरं होती, त्यांना पोरगी हुसकावत होती. बराच वेळ गेला. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "इथे असंच होतं. गायीला घालू, चालतं."

"थांबा जरा," आई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळल्या. "तू बोल. तू तं काहीच नाही बोलली त्या दिवशी."

"मी काय बोलू?"

"मला काय विचारते? नवरा तुझा होता."

मी पानाकडे बघितलं. भात, वडा, खिरीचा ठिपका. जायचं वचन पोरीने दिलं होतं, मागे राहायचं आईंनी उचललं होतं. पिशव्या भरलेल्या होत्या, दुर्बीण पुसलेली होती, आणि मला पक्कं ठाऊक होतं की मी तिथे जाईन, नदीकाठी जीपमध्ये बसेन, सगळी गुरं समोरून पाण्यात उड्या मारतील, आणि मी पोरीला पाणी पिऊन घे म्हणेन. दुसरं काही होणार नाही. सहा महिने डोळे उघडे असूनही मी काही बघितलं नव्हतं.

"मी बघीन," मी म्हणाले. आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचाच आल्यासारखा आला. "नुसती जाऊन येणार नाही. तुझ्या वाटणीचं बघीन रे."

कावळा आला नाही. शेजारच्या गच्चीवरून मोर आला. आमच्या भागात मोर रोजचेच, त्यांचं कुणाला अप्रूप नाही. कठड्यावरून तो सावकाश चालत आला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि आधी वडा उचलला, मग भात विस्कटून टाकला.

पोरगी घाबरून गुरुजींना म्हणाली, "मोर चालतो का?"

गुरुजींना पोथीत हे कुठे सापडणार? त्यांनी आईंकडे बघितलं. आई म्हणाल्या, "चालते. याला साधं काही कधी आवडलंच नाही."

आणि पोरगी हसली. खुदकन, मोठ्याने, बापासारखी मान मागे टाकून. हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला, आणि ती आजीच्या पोटात डोकं खुपसून पहिल्यांदा "बाबा" म्हणून रडायला लागली. आई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. चाकसूच्या तळ्यावर दिलेला शब्द त्यांनी पाळला, स्वतः रडल्या नाहीत.

मी जागची हलले नाही. मोराने पान खाली पाडलं. दुपारचं ऊन, गच्चीची फरशी, आणि आम्ही सगळे अनवाणी.

"खाली चल बाई आता," आई म्हणाल्या, "पाय पोळतील."

मी एकेक पाय उचलून बघितला. तळवे लालबुंद झाले होते. ते मघापासून भाजत असणार, आणि मला ते आत्ता कळत होतं.

"पोळतायत, आई," मी म्हणाले. "खूप पोळतायत हो." आणि तिथेच उभी राहून मी रडायला लागले.