सगळं शहर एकाच नंबरावर

मोठमोठ्या वेबसाइटवर एकाच वेळी लाखो खोट्या भेटींचा मारा झाला, त्या कुठेच उघडत नाहीत, अशी बातमी आली की मला नव्वदच्या दशकातली आदिलाबादची एक रविवारची दुपार आठवते. त्या दुपारी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

मी तेव्हा शहरात सर्कल इन्स्पेक्टर होतो. जेवणाच्या सुमारास ठाण्याचा फोन मुका झाला. मग शेजारच्या जैनथ ठाण्याचा वायरलेस आला: शहरात कुणालाच फोन लागत नाही, सरकारी दवाखान्यालाही नाही. त्या काळी आमच्या जिल्ह्यात असं झालं की पहिला संशय नक्षलवाद्यांवर जायचा. मी बसस्टँड आणि कलेक्टर कचेरीवर बंदोबस्त लावला आणि जीप काढून टेलिफोन एक्स्चेंज गाठलं.

तिथला इंजिनियर घामाघूम झाला होता. "साहेब, तार तुटली नाही, मशीन बिघडली नाही. सगळं शहर एकदम फोन लावून राह्यलं. एक्स्चेंजला झेपत नाही, म्हणून कुणाचाच लागत नाही."

"कुणाला लावतायत?"

"एकाच नंबराला."

नंबर एका केबलवाल्याचा होता. शहरात केबलवाले दोन, गल्ल्या वाटून घेतलेले. हा आपल्या दुकानात डोकं धरून बसला होता आणि समोर फोन खणखणत होता. "लोक मिक्सर मागून राह्यले साहेब. कोनता मिक्सर, मले काय मालूम?"

तिथून ठाण्याकडे निघालो. वाटेत माझं क्वार्टर. घरचा फोन तरी चालतो का, पाहायला आत शिरलो. बायको आणि शेजारच्या दोघी फोनभोवती बसल्या होत्या, टीव्हीवर सिनेमा चालू होता.

"तुमी काऊन आले मधीच?" बायको नंबर फिरवतच म्हणाली. "थांबा जरा, लागतच नाई. पयल्या पन्नास फोनवाल्यायले मिक्सर हाय."

पडद्याच्या तळाशी तेलुगू आणि हिंदीत पट्टी सरकत होती. बक्षीस, आणि खाली तोच नंबर. आमच्या गल्लीत केबल मात्र दुसऱ्या केबलवाल्याची होती. मी तिच्या हातातून रिसीव्हर घेऊन खाली ठेवला.  जेवण सोडून ज्या टोळीचा माग काढायला निघालो होतो, ती माझ्याच घरात बसली होती.

पट्टी बंद करवली. हळूहळू फोन सुरू झाले. दुसऱ्या केबलवाल्याला ठाण्यात आणलं. तिशीतला, नीटनेटका, नम्र बोलणारा.

"जाहिरात एका गिऱ्हाइकानं देल्ली साहेब. नाव नाई मालूम."

खोटं बोलणारा माणूस माणसांबद्दलची उत्तरं तयार ठेवतो, वस्तूंबद्दलची विसरतो. मी म्हणालो, "ठीक आहे. मिक्सर कुठं ठेवलेत? चल, दाखव."

त्यानं पाणी मागितलं. मग म्हणाला, "त्या केबलवाल्याचा फोन दिवसभर एंगेज राहावा, बस. त्याच्या लोकायची कंप्लेंट लागली नाई तं चिडून माह्याकडे येतील. म्या तं एकच नंबर देल्ला होता साहेब. बाकीचे कसे बंद पडले?"

हे तो खरं बोलत होता.

जबाब लिहून होत होता तेवढ्यात पैनगंगेकाठच्या गावचा एक शेतकरी दारात आला. कापसावर फवारताना त्याच्या बायकोला औषध चढलं होतं. गावातल्या पीसीओवरून त्यानं दवाखान्याची गाडी बोलवायला फोनवर फोन लावले. शेवटी ऑटोत घालून निघाला. ती वाटेतच गेली.

"दवाखानेवाले फोन काऊन नाई उचलत, त्याची रपट द्याची हाय," तो म्हणाला.

दवाखान्याचा दोष नव्हता. मी त्याला खुर्ची दिली आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, "मिक्सर म्हंजे मसाला वाटाचं?" केबलवाला भिंतीशी उकिडवा बसून ऐकत होता.  

मृत्यूचं कलम टिकणार नाही, हे मला माहीत होतं. तार कायद्याखाली गुन्हा नोंदवला, केबलवाल्याला किरकोळ शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी तो शेतकरी कोर्टाबाहेर माझ्याजवळ आला.

"साहेब, ज्यायनं फोन लावले, त्यायले मालूम हाय का?"

"एकीला आहे," मी म्हणालो. "माझ्या बायकोला. मीच सांगितलं. तेव्हापासून ती फोनला हात लावत नाही."



"त्यायचा काय कसूर," तो म्हणाला. "त्यायले काऊन सांगतलं साहेब?"

 तपास म्हणजे खरं शोधून काढणं, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो. सापडलेलं खरं कुणाच्या पदरात टाकायचं आणि कुणाच्या नाही, हा विचार त्या माणसानं मला शिकवला, आणि त्याची तर बायको गेली होती.