टाचणीचा हात

आमच्या टोळीची म्होरकी एकोणीस वर्षांची आहे, हे सांगायची मला लाज वाटायची. आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारी पाच माणसं. सव्वीस वर्षं मी या धंद्यात घासतोय, आणि हुकूम कुणाचा? तर टाचणीचा. अंगानं काडी, जिभेनं टोचरी, म्हणून टाचणी.

कारण एकच, हात. तो तिच्या घराण्यात चालत आलाय, तिच्याआधी तिच्या आत्याला होता. भिंतीला तळवा लावला की लिफ्ट कुठं आहे, तिच्या वाटेत काय हलतंय, सगळं कळतं. आणि मनात आणलं तर धावती लिफ्ट जागच्या जागी थांबते. एका वेळी एकालाच असतो. ज्याला हात, तोच म्होरक्या, असा आमचा रिवाज. आत्याला आम्ही बाई म्हणायचो. एका सकाळी बाईंचा तळवा गार पडला, भिंतीतलं काही कळेना, आणि त्याच वेळी भाची जिन्यात भिंतीला टेकून बुटाची नाडी बांधत होती, तर इमारतीच्या दोन्ही लिफ्ट अडकल्या. झालं! कॉलेज अर्धवट टाकून पोरगी आमच्या डोक्यावर.

"हात आला म्हणजे अक्कल येते का?" मी पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं.

"नाही ना, काका. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय," ती म्हणाली. बाकीचे फिदीफिदी हसले. आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतंच बोललो.

खोटं कशाला बोलू, पोरगी कामसू होती. वंगणाचे डबे स्वतः उचलायची, आणि काम लांबलं की रहिवाशांची बोलणीही आधी स्वतः खायची.

तिसऱ्या आठवड्यात एका बारा मजली इमारतीत काम होतं. मी तळाच्या खड्ड्यात उतरून लिफ्टखालची स्प्रिंग साफ करत होतो. आमचा नियम असा, की लिफ्ट हलवण्याआधी म्होरक्यानं एकेकाला हाक मारून विचारायचं, आणि जो आत असेल त्यानं 'आत' असा आवाज द्यायचा. टाचणीनं विचारलं नाही. तळवा टेकवला, खाली काही हलत नव्हतं, म्हणून वरच्या मशीनखोलीला तिनं सांगून टाकलं, "सोडा." मी दम खात निमूट बसलो होतो. हाताला हलणारं कळतं. बसलेला माणूस कळत नाही.

लिफ्ट अंगावर येताना दिसली तसा मी धडपडलो. ओरडलो असेन काहीतरी. लिफ्ट थांबली माझ्या हेल्मेटच्या वर वीतभर.

मला बाहेर ओढलं तेव्हा टोळी तिलाच डोक्यावर घेत होती. "वीतभरावर रोखली! बाईंनाही जमलं नसतं," माझ्या खांद्यावर हात ठेवून वायरमन म्हणाला.

टाचणी पुढं आली. "गप्प बसा," ती म्हणाली. "मी काकांना विचारलंच नाही. हातावर विसंबले. काका मेले असते, आणि दोष माझा असता." मग माझ्याकडे वळली. "उद्यापासून हुकूम तुम्ही द्या. मी नुसता हात लावीन."

सव्वीस वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो. पण तोंडातून 'हो' निघेना.

अठरा वर्षांपूर्वी अशाच खड्ड्यात आमचा वेल्डर गेला. विचारल्यावर त्यानं आवाज दिला नाही, असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं, त्याच्या बायकोलासुद्धा. आपल्याच हलगर्जीपणानं मेला, असं लोक अजून म्हणतात.

मी जमिनीवर बसूनच बोललो. "वेल्डरनं आवाज दिला नव्हता, हे खरं. पण बाईंनी त्याला विचारलंच नव्हतं. मी शेजारी उभा होतो. आजपर्यंत तोंडाला कुलूप लावून बसलो."

वायरमननं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"हे त्याच्या बायकोला माहीत आहे?" टाचणीनं विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"मग उठा, काका. आत्ताच्या आत्ता. मीही येते, आत्या माझी आहे."

मी उठलो.